शके १७९७ मधील सुप्याचा दंगा आणि सरकारी सारा

शके १७९७ च्या वैशाख शुद्ध पक्षांत, म्हणजे इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस, बुधवारीं, पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्याच्या सुपें गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतील कुणबी मंडळी नेहमीप्रमाणें बाजारास आली होती. त्या दिवशीं या मंडळीनें गांवांतील गुजर व मारवाडी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. वह्या, खतें, रोखे जें जें हातीं लागलें तें तें बाहेर ओढून जाळलें. कापड व धान्य लुटलें. दुसरा दिवस उलटण्याच्या आंत सुप्यापासून चौदा मैलांवरील एका गांवीं तेथील प्रमुख गुजर सावकाराचें घर जळालें. पुढील कांहीं दिवसांत हें लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर व हवेली या तालुक्यांतून आणि नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या बाजूस पसरलें. पोलिसांस पुरें पडेना, तेव्हां लष्कराच्या तुकड्या बाहेर काढाव्या लागल्या. पुणें जिल्ह्यांत ५५९ व नगर जिल्ह्यांत ३९२ मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं. त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाली. जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक शांतता झाली. तरी सप्टेंबरांत सातारा जिल्ह्यांतील कुकरूड येथें हीच ठिणगी पुन्हां एकदां पडली.

सुपें हें नांव इतिहासाच्या वाचकास निराळ्या संबंधानें परिचित आहे. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरीपैकीं तें एक ठाणें. आज तें बारामती तालुक्यांत मोडतें. प्रस्तुत लेखकानें कित्येक वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. त्यांत हा प्रसंग पाठ्यपुस्तकाच्या पांचसात ओळींत उरके. एके वर्षीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, दुकान हातांत आलें होतें, तर मग कागदच कां जाळले?” त्या वेळीं जें उत्तर दिलें तें पुस्तकांतलें होतें: सावकार फार छळीत असत म्हणून. उत्तर खोटें नव्हतें. परंतु तें अपुरें आहे असें मनांत राहिलें, आणि निवृत्तीनंतर त्या वेळचे छापील सरकारी कागद व नंतरच्या विद्वानांचे ग्रंथ सवडीनें वाचीत गेल्यावर तें किती अपुरें होतें हें ध्यानांत आलें.

प्रथम काळाची पार्श्वभूमि पाहूं. इ. स. १८६१ त अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांचें युद्ध जुंपलें, अमेरिकन कापूस विलायतेस जाणें बंद झालें, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानच्या कापसाकडे धांव घेतली. मुंबईंत सोन्याचा पाऊस पडला म्हणतात तो याच काळीं. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांच्या किंमती आभाळास भिडल्या, प्रेमचंद रायचंदाचें नांव घरोघर झालें. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपलें आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं सर्व डोलारा कोसळला. जिच्यांत सरकारचे भाग होते व जिच्या कारभारावर सरकारनेमणुकीचे डायरेक्टर बसत, ती मुंबई बँक देखील या धक्क्यांतून वांचली नाहीं; १८६८ त ती मोडली.

सुपें-इंदापूरच्या माळरानांत कापसाचें पीक फारसें नव्हतें. मग मुंबईच्या कापसाचा तेथील कुणब्याशीं संबंध काय, असा प्रश्न कांहीं लेखकांनीं केला आहे. संबंध आडमार्गानें होता. कापसाच्या मोबदल्यांत देशांत जें रुपें आलें त्यानें धान्याचा भाव चढला. त्याच सुमारास पुण्याहून सोलापुराकडे रेल्वेचा रस्ता होत होता, भोरघाटाचें काम १८६३ त पुरें झालें, शिवाय कालवे, सडका, बराकी यांची कामें चालू होतीं. मजुरीचा दर वाढला, गाडीबैलांस भाडें मिळूं लागलें. ज्या कुणब्याच्या हातीं पूर्वीं वर्षांतून एकदां नगद दिसे त्याच्या हातीं ती दर आठवड्यास दिसूं लागली, आणि सावकारही त्याला मागेल तितकें देऊं लागला. भाव चढे असतां घेतलेलें कर्ज हलकें वाटतें. भाव उतरला कीं तेंच कर्ज, आंकडा एक पैशानें न वाढतां, दुप्पट जड होतें. १८६५ नंतर कामें आटोपलीं, रुपें आटलें. मध्यें १८६६ व १८७१ या सालीं पावसानें दगा दिला. आणि त्यानंतर पिकें बरीं आलीं तेव्हां धान्याचे भाव खालीं आले. शेतकऱ्याच्या पदरीं दोन्ही बाजूंनीं तोटाच आला.

सरकारची सारावाढ नेमकी याच वेळीं येऊन पोंचली, आणि येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. पेशवाई बुडाल्यावर पुणें प्रांतांत पहिली शास्त्रशुद्ध म्हणविणारी पाहणी प्रिंगल यानें केली. विलायतेंतील अर्थशास्त्राच्या पुस्तकांत खंडाची जी मीमांसा आहे ती त्यानें येथील जमिनीस लावली. खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न राहील त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे असें ठरविलें. हिशेब कागदावर निर्दोष होता, पण त्याचा पाया जी खेड्यांतील माहिती तीच कच्ची निघाली. सारा वसूल होईना, जमिनी ओस पडूं लागल्या. तेव्हां १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. त्यांनीं सारा पुष्कळ उतरविला आणि तो तीस वर्षें कायम केला. या जोडीविषयीं आमच्या मनांत आदर आहे. कुणब्याच्या हातीं कांहीं शिल्लक राहिल्याखेरीज जमीन कसली जाणार नाहीं, ही गोष्ट त्यांना प्रिंगलच्या पुस्तकांपेक्षां चांगली समजली होती. पडीक जमीन लागवडीस आली, ती त्यांच्या उतरविलेल्या साऱ्यामुळेंच.

तीस वर्षांची मुदत इंदापुरांत १८६६-६७ च्या सुमारास भरली. फेरपाहणीचें काम कर्नल फ्रान्सिस यांजकडे आलें. लागवड वाढली, रेल्वे आली, बाजार जवळ आला, आणि धान्याचे भाव वाढले, हीं कारणें दाखवून त्यांनीं साऱ्यांत वाढ सुचविली. इंदापूर तालुक्यांत ती निम्म्याहून अधिक झाली. मागून भीमथडी, हवेली वगैरे तालुक्यांची पाळी आली, आणि एकेका गांवीं व एकेका खातेदारावर तर वाढ याहूनही भारी बसली. आतां जीं वर्षें पुढें ठेवून भाव वाढल्याचें दाखविलें त्यांत युद्धकाळांतील महर्गतेचीं वर्षें होतीं. म्हणजे चार वर्षांचा पूर मोजून नदीची नित्याची खोली ठरविण्यासारखें हें झालें. वाढीव सारा मात्र तीस वर्षांसाठीं, आणि वसुली सुरू झाली ती पूर ओसरल्यावर.

यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें म्हणावयाचें नाहीं. हे अधिकारी मेहनती होते. घोड्यावरून गांवोगांव हिंडून त्यांनीं जमिनीची प्रतबंदी केली. दोष असा होता कीं, ज्या पद्धतीनें आंकडा ठरे तिच्यांत ज्याच्यावर तो बसावयाचा त्याला विचारण्याची सोय नव्हती, आणि एकदां ठरलेला आंकडा पावसापाण्याकडे पाहून हलत नसे. पूर्वींच्या अमदानींत दुष्काळ पडला तर पाटील-कुळकर्णी मामलेदारापुढें रडगाणें गाऊन सूट मागत व कांहीं अंशीं ती मिळे. त्या राज्यांतील जुलूमही आम्हांस ठाऊक आहेत. बाजीरावाच्या अखेरच्या काळांतील मक्त्याची वसुली कोणास स्पृहणीय वाटेल? तथापि सारा हलत असे एवढी गोष्ट खरी. नव्या राज्यांत तो निश्चित झाला, आणि निश्चित सारा अनिश्चित पावसावर भरावयाचा म्हणजे मध्यें सावकार हवाच.

लोकांनीं एकदम पलिते हातीं घेतले असाही समज आहे. वस्तुतः दंग्यापूर्वीं दोनतीन वर्षें तक्रार सनदशीर मार्गानें चालली होती. १८७० च्या एप्रिलांत स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली, तालुक्यांतून माहिती गोळा केली, आणि १८७३ त आपला अहवाल प्रसिद्ध केला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांचा या खटपटींत पुढाकार होता. नवा सारा डोईजड आहे असें सभेचें म्हणणें होतें. सभेंतील मंडळी बहुशः शहरांतील, कांहीं इनामदार, कांहीं वकील. त्यांना कुणब्याचा कळवळा खरोखर किती, अशी शंका त्या वेळच्या साहेबांनीं घेतली व पुढेंही कांहींनीं घेतली आहे. शंका घेणारांनीं घ्यावी. सभेचे आंकडे चूक होते काय, एवढाच प्रश्न येथें आहे. आणि ते पुष्कळ अंशीं बरोबर होते हें खुद्द सरकारच्या कृतीवरूनच सिद्ध होतें. कारण १८७४ च्या ऑक्टोबरांत मुंबई सरकारनें ठराव केला कीं, फेरपाहणींत सबंध तालुक्यावर किंवा गांवांच्या गटावर शेंकडा ३३, एका गांवावर ६६ व एका खात्यावर १०० यांहून अधिक वाढ करूं नये. ज्या मर्यादा घालाव्या लागल्या त्या ओलांडल्या गेल्या होत्या, हें निराळें सांगावयास नको.

याच्याच जोडीस १८७५ च्या फेब्रुवारींत दुसरा हुकूम निघाला. थकलेल्या साऱ्यासाठीं जमीन विकण्यापूर्वीं खातेदाराची जंगम मालमत्ता विकून पाहावी, असें त्याचें तात्पर्य होतें. हेतु जमीन वांचविण्याचा. परिणाम अगदीं उलटा झाला. गहाण जमीन साऱ्यापायीं लिलावांत जाऊं नये म्हणून आजवर सावकार आपल्या कुळाचा सारा परस्पर भरीत असे. आतां जमिनीस धोका नाहीं असें पाहून त्यानें हात आंखडला. भाव पडल्यामुळें व नव्या साऱ्यानें जमिनीचें तारण हलकें झाल्यामुळें तो आधींच बिचकला होता. कुणब्यापुढें ऐन हप्त्याच्या वेळीं दोन्ही दारें बंद झालीं. सरकार म्हणे सारा टाक, सावकार म्हणे आधीं जमीन लिहून दे. मेच्या दंग्याचें बीज पाहावयाचें तर तें या चारपांच महिन्यांत आहे.

आतां कागदांविषयीं. कर्जाच्या व्याजास मर्यादा असावी हा विचार आमच्या धर्मशास्त्रांत फार जुना आहे. मनूच्या आठव्या अध्यायांत एका वेळीं मुद्दलाच्या दुपटीहून अधिक घेऊं नये असें सांगितलें आहे, आणि त्याच ठिकाणीं चक्रवृद्धि व कायिका वृद्धि, म्हणजे व्याजावर व्याज व अंगमेहनतीनें फेडावयाचें व्याज, यांचाही उल्लेख आहे. व्यवहारांत यालाच दामदुपट म्हणत, आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं हिंदु पक्षकारांपुरता हा नियम मान्यही केला होता. परंतु १८५५ त व्याजाच्या दरावरील कायदेशीर बंधनें उठलीं. १८५९ त दिवाणी व्यवहाराचा नवा कायदा आला. आणि त्याच वर्षीं मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षें ठरविली. जुन्यापुराण्या खतांवरून दावे होऊं नयेत हा त्याचा सद्धेतु. सावकारानें त्यांतून वाट काढली. तीन वर्षें भरत आलीं कीं मुद्दल अधिक व्याज मिळून नवें खत लिहून घ्यावयाचें; कालचें व्याज आज मुद्दल झालें. दामदुपटीचा नियम पुस्तकांत राहिला, कारण दर खतांत मुद्दल नवेंच. कोर्टांत कुणबी बहुधा हजरच राहत नसे. आंगठ्याचा किंवा नांगराच्या निशाणीचा कागद पुढें आला कीं हुकुमनामा एकतर्फी होई. ज्या राज्यांत पंच, साक्ष, शपथ यांना विचारीत त्या राज्यांत कागद हा एक पुरावा होता. नव्या राज्यांत तोच एकटा पुरावा झाला. म्हणून कागद जाळले. त्या विद्यार्थ्यास हें उत्तर द्यावयास हवें होतें.

देहूच्या तुकोबारायांनीं घरच्या सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं अशी परंपरा आहे. देहू त्याच हवेली तालुक्यांतलें. तेथें धनकोनेंच आपले कागद पाण्यांत सोडले. अडीचशें वर्षांनीं ऋणकोंनीं दुसऱ्याचे कागद विस्तवांत घातले. या दोहोंची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फार ताणूं नये.

उठावाची पहिली पायरी सुप्यास नव्हे, तर शिरूर तालुक्यांत करडें येथें घडली. तेथील काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुख या वतनदार गृहस्थावर दीडशें रुपयांचा हुकुमनामा मिळवून १८७४ च्या डिसेंबरांत त्याचें घर पाडावयास काढलें. साध्या कुणब्याच्या घरावर असा प्रसंग आला असता तर कदाचित् गांव निमूट राहता. देशमुखाच्या घरावर आला तेव्हां गांवानें ठरविलें कीं, काळूराम व त्याच्या जातभाईंशीं कोणीं व्यवहार ठेवूं नये. न्हावी, परीट, पाणक्या सर्वांनीं काम सोडलें; दारापुढें घाण टाकण्यापर्यंत मजल गेली, आणि सावकारांस पोलिसांच्या बंदोबस्तांत शिरुरास जावें लागलें. याच धर्तीचे लेखी करार मग गांवोगांव झाले. ‘जो मोडील तो जातीबाहेर’ अशा आशयाचे हे कागद सरकारच्या हातीं लागले व चौकशीच्या अहवालास जोडले गेले. गांवकी, बलुतें व जात या जुन्या संस्थांतून ही शिस्त आली. चारपांच महिने ती कोणत्याही जाळपोळीशिवाय टिकली, ही गोष्ट दंग्याच्या वर्णनांत सहसा येत नाहीं.

मेनंतरचे प्रकार पाहिले तरी त्यांतही एक मर्यादा दिसते. जेथें सावकारानें मुकाट्यानें कागद काढून दिले तेथें पुढें कांहीं झालें नाहीं. शरीरास इजा झाल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत. गांवच्या ब्राह्मण किंवा इतर जातींच्या सावकारांस बहुधा हात लागला नाहीं. याचें कारण ते अधिक दयाळू होते असें नव्हे. ते गांवांतलेच होते, आणि त्यांची सावकारीही लहान होती. परदेशी माणसावर रोष काढणें सोपें असतें, आणि त्या रोषांत निरपराधीही भरडले गेले असतील. ज्यांचें दुकान एका दुपारींत लुटलें गेलें त्यांच्या बायकामुलांचें काय झालें, हें त्या अहवालांत शोधूनही फारसें मिळत नाहीं. याविषयीं लिहिणारानें मौन धरूं नये.

मुंबई सरकारला प्रथम हा प्रकार फार गंभीर वाटला नव्हता. गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस हे होते. हिंदुस्थान सरकारला मात्र १८५७ ची आठवण ताजी होती; त्याच्या आग्रहावरून चौकशीचें कमिशन नेमण्यांत आलें. रिची, ऑकलंड कॉल्व्हिन, शंभुप्रसाद लक्ष्मीलाल वगैरे सभासदांनीं साक्षी घेतल्या, खेड्यांतील कर्जाचे तपशील जमविले, आणि तो सर्व मजकूर १८७८ त पार्लमेंटपुढें आला. माहितीचा खजिना या दृष्टीनें त्याची बरोबरी करणारे ग्रंथ थोडे. निर्णय मात्र असा कीं, सारावाढ हें दंग्याचें कारण नव्हे. दोष सावकाराचा आणि त्याला बळ देणाऱ्या कायद्याचा. ज्या पुराव्यावरून हा निर्णय काढला तो पुरावा त्याच ग्रंथांत छापलेला असल्यानें वाचकास तपासून पाहतां येतो. कॉल्व्हिन हे वायव्य प्रांतांतून आलेले असल्यानें मुंबईच्या जमाबंदीचा अभिमान त्यांना नव्हता. त्यांनीं आपलें निराळें मत नोंदविलें, आणि साऱ्याची ताठर वसुली हेंच कर्जबाजारीपणाचें एक मूळ असल्याचें स्पष्ट सांगितलें. सरकारच्याच नोकरानें सरकारच्याच कागदांत हें लिहावें, हें आम्हांस त्या सबंध प्रकरणांतील सर्वांत लक्षणीय वाटतें.

अलीकडील विद्वानांत मतभेद आहे. रविंदर कुमार यांनीं १८६८ ते १८७५ पर्यंतच्या सारावाढीस व सभेच्या चळवळीस महत्त्व दिलें. नील चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ त लिहिलेल्या लेखांत उलट प्रतिपादिलें कीं, हा दंगा फार थोड्या गांवांत झाला, जमिनीचें मोठें हस्तांतर झालेंच नव्हतें, आणि कमिशननें व नंतरच्या लेखकांनीं राईचा पर्वत केला. गांवांची संख्या लहान होती हें मान्य. पण ज्या गांवीं दंगा झाला नाहीं तेथें समाधान नांदत होतें असा त्यावरून निष्कर्ष निघत नाहीं. शिवाय वाढीव साऱ्याची सूट सरकारनें दिली ती दंगा न झालेल्या गांवांसही लागू झाली. आमच्या मतें चार्ल्सवर्थ यांचा आक्षेप ‘सर्व दक्षिण पेटली’ असें लिहिणारांस लागतो; कारणमीमांसेस तो धक्का देत नाहीं.

कमिशनचा अहवाल तयार होत असतांच १८७६ चा दुष्काळ आला आणि दोन वर्षें राहिला. १८७९ त वासुदेव बळवंत फडके यांनीं याच मुलखांत शस्त्र उचललें. त्याच वर्षीं होप यांनीं मांडलेला शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांसाठीं पास झाला. कर्जासाठीं कुणब्यास तुरुंगांत टाकणें बंद झालें, कोर्टास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, खतें गांवच्या रजिस्ट्रारापुढें करण्याची अट आली. साऱ्याविषयीं त्या कायद्यांत एक अक्षरही नाहीं. चार वर्षांनीं, १८८३ त, जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत मात्र सरकारी सारा आणि त्यामागील नोकरशाही यांवर प्रहार आहेत.

करडें येथील करारासारखे कागद अहवालांत बहुधा इंग्रजी तर्जुम्याच्या रूपानेंच आढळतात. मुळांतील मराठी भाषा, निशाण्या, साक्षीदारांचीं नांवें, हीं पाहावयास मिळालीं तर पुष्कळ गोष्टी उलगडतील. शिरूर, इंदापूर, पारनेर व श्रीगोंदें या बाजूच्या जुन्या पाटील-कुळकर्णी घराण्यांच्या दप्तरांत शके १७९६-९७ चीं अशीं संमतिपत्रें, किंवा त्या काळचीं न जळलेलीं कर्जखतें, कोणा वाचकाच्या पाहण्यांत आल्यास त्यांनीं नक्कल करून मंडळाकडे अवश्य पाठवावी. अर्धवट फाटलेला कागदही चालेल.